मदत हवी आहे: ब्रँड विकला गेला, आता माझ्या रेग्युलेटरचं काय?

नमस्कार मंडळी,

स्कूबा डायव्हिंग करणारे इथे कोणी असतील तर कृपया वाचा. थोडं लांबलं आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझ्याकडे एपेक्स या ब्रँडचा एक्सटीएक्स ५० रेग्युलेटर आहे (टाकीतली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडात देतो, तो). २०१८ साली दादा नोकरीसाठी मँचेस्टरला होता, त्याने तिथून आणून दिला. एपेक्सचा कारखाना तिथून जवळच, ब्लॅकबर्नला. तारकर्लीची पहिली बुडी मी भाड्याच्या सामानावर मारली, पण त्यानंतर नेत्राणी, अंदमान, सगळीकडे हाच तोंडात होता. एकदाही दगा दिला नाही.

यंदा सर्व्हिसिंगची वेळ झाली. नेहमीच्या दुकानात दिला. त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला आणि न उघडताच परत केला. म्हणाले, "ताई, कंपनी विकली गेली. सुट्या भागांचं किट येईल की नाही, सांगता येत नाही. त्यापेक्षा नवीनच घ्या."

घरी येऊन वाचत बसले. एपेक्सची मालक अ‍ॅक्वालंग. कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये पाण्याखाली मोकळा श्वास घ्यायचं जे उपकरण बनवलं, त्याच नावाची ही कंपनी. कित्येक दशकं ती एअर लिक्विड या फ्रेंच वायू कंपनीकडे होती. २०१६ च्या शेवटी ती माँटेग्यू या गुंतवणूक संस्थेकडे गेली आणि २०२५ मध्ये हेड समूहाने घेतली. हेड म्हणजे टेनिसच्या रॅकेटवाले. मारेस हा ब्रँड आणि एसएसआय ही प्रशिक्षण संस्था आधीपासून त्यांच्याकडेच आहे. एपेक्स अ‍ॅक्वालंगच्याच पदरात असल्यामुळे तोही सोबत गेला.

मला विचारायचंय ते हे, की मालक बदलला म्हणून जुन्या मॉडेलचे सुटे भाग खरंच बंद होतात का? दुकानदार म्हणतात त्यात तथ्य किती? लेक बारा वर्षांची झालीय, या हंगामात तिला ज्युनिअर ओपन वॉटर हा मुलांचा डायव्हिंग कोर्स करायचा आहे. माझा रेग्युलेटर तिला द्यावा असं फार मनात होतं. पण अठरा मीटर खाली लेकीचा श्वास ज्यावर चालणार, त्याच्याबाबतीत "बघू, होईल" करायची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी दुबईत एका डाइव्ह सेंटरच्या वर्कशॉपमध्ये आहे, रोज हेच काम करतो. आधी एक सांगतो, घाईने विकू नका.

किट म्हणजे तळहातावर मावणारं पाकीट. त्यात ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या, फिल्टर, डायफ्रॅम (दाबाने हलणारा पडदा) आणि एक सीट. ओ-रिंगा ठरावीक मापाच्या असतात, त्यांचं काही अडत नाही. सगळा जीव त्या सीटमध्ये. टाकीतला दोनशे बारचा दाब फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या भागात, साडेनऊ-दहा बारवर येतो, तो या मऊ सीटवर धातूची कड घट्ट बसते म्हणून. जुनी सीट काढून उजेडात धरली की तिच्यावर त्या कडेचा गोल वळ दिसतो, बोटात अंगठी घट्ट झाल्यावर उमटतो तसा. वळ खोल गेला की हवा झिरपते. गेजवर काटा साडेनऊला थांबायच्या ऐवजी हळूहळू वर सरकतो आणि शेवटी सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आपोआप फसफसायला लागतो.

ही सीट एका कंपनीची दुसऱ्या कंपनीला बसत नाही. म्हणजे ती कोणी बनवतं का, एवढं बघायचं. तुमच्या एक्सटीएक्स ५० सोबत बहुतेक डीएसटी फर्स्ट स्टेज असेल. त्याचं आणि डीएस ४ या एपेक्सच्या दुसऱ्या फर्स्ट स्टेजचं किट एकच. जगभर हे इतके विकले गेलेत की नवा मालकसुद्धा ते किट सहजासहजी बंद करणार नाही. सुट्या भागांवर पैसा मिळतोच.

मला वाटतं, अडचण तुमच्या दुकानदाराची आहे. मालक बदलला की वितरक बदलतात, जुने करार संपतात, काही महिने कोणाकडे काय मागवायचं तेच कळत नाही. त्या काळात माल असूनही मिळत नाही. ब्रँडच्या अधिकृत यादीतलं दुसरं सेंटर शोधा. ऑनलाइन मिळणारी बिननावाची सीट मात्र अजिबात घालू नका.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत, पण ताईंची भीती अगदीच निराधार नाही. डेकोर ही अमेरिकन कंपनी १९५४ मध्ये इलिनॉयमध्ये सुरू झाली, एके काळी मोठं नाव होतं. नव्वदचं दशक संपता संपता ती मारेसच्या मालकांकडे, म्हणजे याच हेडकडे गेली. पुढे ते नावच बाजारातून उठलं. आज जुना डेकोर बाळगणारे लोक जुन्या सामानातून भाग जमवतात.

उलट उदाहरणही आहे. बॉब हॉलिस यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेली ओशनिक २०१७ मध्ये यूटामधल्या हुइश आउटडोअर्सने घेतली. त्यांच्याकडे अ‍ॅटॉमिक आणि झीगल हे डायव्हिंगचे ब्रँड आधीच होते, तरी ओशनिकचं नाव टिकलं.

माझा अंदाज असा, की एकाच घरात सारख्या किमतीचे दोन रेग्युलेटर आले की त्यातला एक जातो. मारेस आणि अ‍ॅक्वालंगची मधल्या किमतीची मॉडेल्स एकमेकांवर येतात, तिथे काटछाट होईल. एपेक्सचं गिऱ्हाईक वेगळं आहे: थंड पाण्यात आणि खोल जाणारे लोक. ते नाव पुसणं म्हणजे स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक घालवणं.

डाइव्ह कॉम्प्युटरचं (बुडीची खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) मात्र मला जास्त भय वाटतं. हे कॉम्प्युटर बनवणारी सून्तो २०२२ मध्ये चिनी कंपनी लिएशेंगकडे गेली, तेव्हा मी पहिल्यांदा सगळ्या डाइव्हच्या नोंदी काढून घेतल्या. रेग्युलेटर पान्याने उघडता येतो, अ‍ॅप बंद पडलं तर काय उघडणार?

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. यादीतलं दुसरं सेंटर सापडलं. फोनवर त्यांनी फर्स्ट स्टेजवरचा नंबर वाचायला सांगितला, डीएसटीच निघाला. किट त्यांच्या कपाटातच होतं! काल रेग्युलेटर घेऊन आले. काम माझ्यासमोर केलं, काटा साडेनऊवर गेला आणि पाच मिनिटं तिथून हलला नाही. जुनी सीट मागून घेतली. तो गोल वळ लेकीला दाखवला, तिने नखाने चाचपून पाहिला.

आता एकच विचारते. पुढच्या वेळेसाठी एक किट आत्ताच घेऊन ठेवावं म्हणते. बंद पाकिटात रबर किती टिकतं?

प्रतिसाद १

घ्या, पण पाकिटावरची तारीख बघून घ्या. उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब, अंधाऱ्या कपाटात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. आणि लेकीची पहिली डाइव्ह झाली की इथे नक्की कळवा.