संशोधनातून पेटंटच्या कामाकडे : आधी एलएल.बी. करणे आवश्यक आहे का?

सूक्ष्मा :
सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करून मी गेली तीन वर्षे पुण्यातील एका प्रयोगशाळेत काम करते आहे. प्रत्यक्ष प्रयोगापेक्षा त्यातले नवे नेमके काय, हे शोधण्यात माझे मन अधिक रमते, म्हणून जैवतंत्रज्ञानातील पेटंटचे काम करावे असे वाटते. त्यासाठी आधी एलएल.बी. करावी लागेल का, आणि माझे प्रयोगशाळेतले शिक्षण तिथे खरोखर उपयोगी पडते का?

वेदगंगा :
भारतात पेटंट एजंट, म्हणजे अर्जदाराच्या वतीने पेटंट कार्यालयात काम पाहणारी व्यक्ती, होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. पेटंट कायद्याच्या कलम 126 नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिच्यात दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. न्यायालयात उभे राहायचे असेल तर मात्र वकिलीची सनद हवीच. माझा सल्ला असा की आधी ही परीक्षा द्यावी, दोनेक वर्षे काम करावे आणि मगच एलएल.बी.चा निर्णय घ्यावा.

जुना परीक्षानळी :
मी स्वतः प्रयोगशाळेतून या कामात आलो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मातीत सापडलेला जीवाणू जसाच्या तसा पेटंटयोग्य नसतो, कारण निसर्गातील सजीवाचा शोध कलम 3(सी) मध्ये वगळलेला आहे. जनुकीय बदल करून घडवलेल्या जीवाणूचा विचार मात्र होऊ शकतो, आणि या दोहोंतील सीमारेषा कुठे पडते हे प्रयोग जाणणाऱ्यालाच चटकन दिसते. 2002 साली कलकत्ता उच्च न्यायालयासमोर आलेले डिमिनाको या कंपनीचे प्रकरण अवश्य वाचा. कोंबड्यांच्या रोगावरील लस तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट कार्यालयाने नकार दिला होता, कारण अंतिम उत्पादनात जिवंत विषाणू होता. न्यायालयाने तो नकार रद्द करून अर्जाचा फेरविचार करण्यास सांगितले. असा युक्तिवाद उभा करायचा तर लस कशी बनते हे वकिलालाही कळावे लागते.

आपला जीवाणू केवळ शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नसेल आणि तो लोकांना उपलब्धही नसेल, तर बुडापेस्ट कराराखालील (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यताप्राप्त संग्रहात तो अर्जाच्या तारखेपर्यंत जमा करावा लागतो. असा एक संग्रह तुमच्या पुण्यातच आहे. जैविक सामग्री कुठून घेतली हेही अर्जात लिहावे लागते.

एक प्रसंग अजून मनाला लागतो. एका संशोधकाचा प्रबंध ग्रंथालयात सर्वांसाठी खुला होऊन दोन वर्षे उलटल्यावर तो माझ्याकडे आला. काम उत्तम होते, पण त्याचे नावीन्य त्याच्याच प्रबंधाने संपवले होते. अर्जापूर्वी काहीही प्रसिद्ध करू नये, हे त्याला कोणी वेळेवर सांगितलेच नव्हते. हे सांगणारा माणूस प्रयोगशाळेच्या जवळचा असावा, असे मला तेव्हापासून फार वाटते.

सूक्ष्मा :
मनःपूर्वक आभार. परीक्षेच्या तयारीत सर्वांत अवघड काय वाटले?

जुना परीक्षानळी :
दाव्यांचा मसुदा, म्हणजे पेटंटमध्ये नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारी वाक्ये लिहिणे. शोधनिबंधात आपण प्रत्येक विधानाला शक्यता आणि मर्यादा जोडतो. दाव्यात मात्र एकाच वाक्यात हक्काची हद्द आखायची असते. ती फार रुंद झाली की आधीच्या ज्ञानाला जाऊन भिडते, आणि अरुंद झाली की एखादा घटक बदलून कोणीही बाजूने निघून जातो. मंजूर झालेले एखादे पेटंट घ्या, दावे झाकून फक्त वर्णन वाचा, पहिला दावा स्वतः लिहा आणि मग मूळ दाव्याशी ताडून पाहा. मी हे रोज एक असे सहा महिने केले होते.