पाळी लांबली, टेस्ट निगेटिव्ह

"इमर्जन्सी गोळी घेतली, पाळी बारा दिवस लांबलीय, दोन टेस्ट निगेटिव्ह तरी धडधड थांबत नाही" हे तुझं वाक्य वाचून राहवलं नाही.

अगं, आधी तारखा मोज. संबंधाला 21 दिवस होऊन गेले असतील आणि त्यानंतरची टेस्ट निगेटिव्ह असेल, तर दिवस गेल्याची शक्यता फारच कमी. इमर्जन्सी गोळीने बीज बाहेर पडणंच पुढे ढकललं जातं, त्यामुळे पाळी आठवडाभर सहज सरकते. तरी आली नाही तर आठवड्याने टेस्ट पुन्हा कर, सकाळच्या पहिल्या लघवीची. आणि पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाच. तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिली की वाळून पुसट रेघ दिसू शकते आणि जीव जातो. (हॉस्टेलच्या बाथरूममध्ये हे केलंय मी.)

माझी तेव्हा तीन महिने गायब होती. मैत्रिणी पपई खाऊ घालत होत्या, निघाला थायरॉईड! म्हणून वरच्या कमेंटमध्ये कुणी 'पीसीओडीच (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) असणार' म्हटलंय ते पटत नाही. नुसत्या सोनोग्राफीवरून ते ठरत नाही. आधी टीएसएच (थायरॉईडची) आणि प्रोलॅक्टिन (पाळी लांबवू शकणारं एक हार्मोन) या रक्ततपासण्या करून घे. वजन झपाट्याने उतरलं असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर मात्र लगेच दवाखाना गाठ. 'लग्न झालंय का?' विचारतील. बिचकू नकोस, खरं तेच सांग. तुला 18 वर्षं पूर्ण असतील तर तपासणीसाठी आईबाबांची सही लागत नाही.