मदत हवी आहे: ऑइल कूलरला थर्मोस्टॅट आहे, तरी हिवाळ्यात ऑइल तापतच नाही

नमस्कार मंडळी,

गाडी निसान ३७०झेड, २०१० ची, मॅन्युअल. मुक्काम मिशिगन. ऑगस्टमध्ये साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर गेलो होतो. काही फेऱ्यांतच ऑइलचा काटा २८० फॅरनहाइटला, म्हणजे १३८ सेल्सियसला टेकला आणि इंजिनाने जीव वाचवायला ताकद आवरती घेतली. त्या वर्षीच्या मॉडेलला कारखान्यातून ऑइल कूलर येत नसे. घरी पोचायच्या आत तो लावायचं ठरलं होतं.

सगळं स्वतःच बसवलं. बंपरमागे २५ रोचा (२५ आडव्या नळ्यांच्या ओळींचा) कूलर, एएन-१० मापाचे होज (ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या) आणि इंजिन ब्लॉक व ऑइल फिल्टर यांच्यामध्ये सँडविच प्लेट. थर्मोस्टॅट, म्हणजे ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप, प्लेटच्या पोटातच, ८० सेल्सियसला उघडणारा. इथल्या थंडीमुळे बिनथर्मोस्टॅटची स्वस्त प्लेट मुद्दाम टाळली.

ऑक्टोबरच्या ट्रॅक डेला काटा २३० च्या वर गेला नाही. खूश होतो. आता डिसेंबरात उलटंच रडगाणं. ऑफिसपर्यंत ४० मिनिटं हायवे. कूलंट दहा मिनिटांत गरम, पण ऑइल १५० फॅरनहाइटवर अडकलेलं. मागच्या हिवाळ्यात कूलर नव्हता तेव्हा सहज १९० व्हायचं. सिग्नलला थांबलो की काटा चढतो, हायवेला लागलो की उतरतो.

परवा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पांढरट थर! हेड गॅस्केट (इंजिनातलं सील) जाऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय की काय म्हणून पोटात गोळा आला. पण कूलंट थेंबभरही कमी नाही. ऑइल पुरेसं तापत नसल्याने त्यातलं पाणी उडून जात नाही, असा माझा अंदाज.

ऑइलचा दाब ठीक, गळती नाही. थर्मोस्टॅट अडकलाय की प्लेट उलटी बसवली? होज अदलाबदल झाले असतील का? आणि हो, प्लेटवरच्या अडॅप्टरना नळाचा टेफलॉन टेप गुंडाळला होता. हसू नका.

प्रतिसाद

हसलो. प्लेट उलटी असती तर ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) ब्लॉकवर बसली नसती आणि पहिल्याच दिवशी जमिनीवर ऑइलचं तळं झालं असतं. होजची अदलाबदल कूलरला चालते. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी सुरू करून जागेवरच ठेवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने होज बघा. थर्मोस्टॅट बंद असेल तर होज तापण्यात बराच वेळ मागे राहतील. ऑइलसोबतच तापले तर तो उघडा आहे.

प्रतिसाद

थर्मोस्टॅट चांगला असूनही असं होऊ शकतं. तो कधीच पूर्ण बंद होत नाही. थोडंसं ऑइल कूलरमधून सतत फिरत ठेवतात, म्हणजे आतली हवा निघते आणि तो उघडल्यावर कूलरमधलं गारठलेलं घट्ट ऑइल एकदम इंजिनात जात नाही. पण उणे दहा सेल्सियसच्या वाऱ्यात २५ रोला तेवढंही पुरतं. मी थंडीत कूलरवर प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा लावतो. फक्त कूलरवर हं, रेडिएटर मोकळा ठेवा.

धागाकर्ता

सकाळी मोजलं. ऑइल १४० फॅरनहाइटला आलं तेव्हा होज १२५. म्हणजे उघडाच ना?

प्रतिसाद

सताड. प्लेट उतरवा, थर्मोस्टॅट काढा आणि पाण्यात थर्मामीटरसकट गरम करा. आतलं मेण ८० सेल्सियसच्या आसपास फुगून झडप सरकली पाहिजे. एएन फिटिंगला टेप कधीच लावू नका, तिथे धातूवर धातूचा शंकू बसून सील होतं. अडॅप्टरलाही ओ-रिंग किंवा वॉशर असतो. तुमच्या टेपवर माझा दाट संशय आहे.

धागाकर्ता

संशय खरा निघाला. झडपेच्या काठाखाली पांढऱ्या टेपची दोरीसारखी वळलेली चिंधी, त्यामुळे ती जागेवर टेकतच नव्हती. साफ करून पातेल्यात तपासली, ७९ सेल्सियसला हलायला लागली. (पातेलं चहाचं नव्हतं, पण हे घरात कुणालाच पटलेलं नाही.) कूलरमधून परतणारं ऑइल आधी फिल्टरमध्येच जातं म्हणून वाचलो. जुना फिल्टर कापून पाहिला, त्यात आणखी दोन तुकडे सापडले. टेप काढून नव्या वॉशरवर अडॅप्टर बसवले, ऑइल आणि फिल्टर बदलला.

आज उणे आठ सेल्सियसमध्ये हायवेला ऑइल १७० फॅरनहाइट. कूलरचा अर्धा भाग पत्र्याने झाकला, तर १८५. दोघांचेही मनापासून आभार. पत्रा साधारण कधी काढता?

प्रतिसाद

ट्रॅकवर जायच्या आदल्या रात्री. आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. मी एकदा विसरलोय.