सल्ला हवा: छोट्या व्यवसायासाठी योग्य माणूस कसा निवडावा?

रंधा:
माझी लाकडी फर्निचरची कार्यशाळा आहे. पाच कारागीर आहेत. फोन, मापं, कोटेशन, डिलिव्हरी हे सगळं मी बघते. आता एकटीला पेलत नाही, म्हणून ऑफिस सांभाळायला एक माणूस घ्यायचा आहे. दोन नावं उरली आहेत. 'क्ष'ना मोठ्या कंपनीतला बारा वर्षांचा अनुभव, बोलणं छाप पाडणारं. 'य'ला अनुभव जेमतेम, थोडी बुजरी, पण तिने प्रश्न नेमके विचारले. बजेट एका पगाराचं आहे. एजन्सीचं कमिशन झेपणार नाही. निवड कशी करावी?

मध्यान्ह:
एजन्सीच लावा. आमचे सगळे लोक एजन्सीतून आले आणि एकही सोडून गेलेला नाही. कमिशन एकदाच जातं, चुकीच्या माणसापायी रोज नुकसान होतं. सोबत ती सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्या. सेल्सला मी अंतर्मुख माणूस घेतच नाही.

निळाई:
@मध्यान्ह, त्यांनी एजन्सी नको असं स्पष्ट लिहिलंय. आणि ती मायर्स-ब्रिग्ज चाचणी नोकरीसाठी निवड करायला वापरू नका, असं ती चालवणारी कंपनी स्वतःच सांगते.

मध्यान्ह:
आम्हाला तरी उपयोग झाला.

जुनाजाणता:
मोठ्या कंपनीतला माणूस अजिबात घेऊ नका. आमच्याकडे आलेले गृहस्थ पहिल्या दिवसापासून 'आमच्या तिकडे असं नव्हतं' हेच ऐकवत राहिले आणि जाताना ग्राहकांची यादी घेऊन गेले. 'य'ला घ्या. काम शिकवता येतं, स्वभाव नाही.

सुलेखा_क:
दोघांकडून एकेक पान हाताने लिहून घ्या. अक्षरावरून माणूस कळतो. माझा अंदाज आजवर चुकलेला नाही.

तिसरी_घंटा:
सुलेखाताई, इथे मात्र मी ठाम असहमत. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं की निवडीची कुठली पद्धत पुढच्या कामगिरीशी कितपत जुळते. ० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे तंतोतंत. हस्ताक्षर ०.०२. अनुभवाची वर्षं ०.१८. ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.५१, प्रत्यक्ष कामाचा नमुना ०.५४. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे आकडे फुगलेले होते. त्यांच्या हिशेबात ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर पहिली आली, कामाचा नमुना ०.३३, अनुभवाची वर्षं अवघी ०.०७. म्हणजे कुठलीच पद्धत खात्रीची नाही, पण नुसत्या 'बारा वर्षां'वर तर मुळीच विसंबू नका.

रंधाताई, दोघांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. 'तुम्ही काय कराल' यापेक्षा 'असा प्रसंग आला तेव्हा काय केलंत' हे विचारा. प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्या, शेवटी एकदम नको. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्येच दाखवलं होतं की लष्करी अधिकारी एखाद्याला एका गुणात वर ठेवत, तेव्हा बाकीच्या गुणांतही वरच ठेवत. 'क्ष'चं छाप पाडणारं बोलणं नेमकं हेच करणार.

मग ग्राहकांच्या चार-पाच जुन्या मेल द्या (नावं झाकून), एकीत माप चुकीचं ठेवा आणि उत्तरं लिहायला सांगा. जुन्या साहेबांना एकच विचारा: पुन्हा घ्याल का? उत्तराआधी ते किती थांबतात तेही ऐका.

पायवाट:
चाचणी घ्या, पण पैसे देऊन. मला एका ठिकाणी 'असाइनमेंट' म्हणून पूर्ण कॅटलॉग करायला लावला, नोकरी दिली नाही आणि तो कॅटलॉग पुढे वापरलासुद्धा. अजून संताप होतो. उमेदवार गरजू असतो, नाही म्हणू शकत नाही. एवढं तरी लक्षात ठेवा.

निळाई:
पायवाट यांना +१००.

हसरा_डोंगर:
माझ्या मते दोघांना थोडं खरं काम देऊन बघावं. बाकी 'य'च.

मध्यान्ह:
पैसे देऊन चाचणी घेण्यापेक्षा एजन्सी स्वस्त पडते.

उंबरठा:
एक मूलभूत शंका. हा माणूस दिवसभर नेमकं काय करणार, हे कागदावर आहे का? 'ऑफिस सांभाळणे' म्हणजे काहीही. थोडे दिवस तुमचा वेळ कुठे जातो ते लिहून काढा, माणूस नंतर निवडा.

जुनाजाणता:
इतका विचार करत बसलात तर 'य' दुसरीकडे जाईल.

रंधा:
सर्वांचे आभार. काय झालं ते सांगते. दोघांची चाचणी घेतली, वेळेचे पैसे दिले. 'य'ने मापातली चूक पकडली, पण रागावलेल्या ग्राहकाला उत्तर लिहिताना गोंधळली. 'क्ष'चं उत्तर फार चांगलं होतं, मात्र चूक नजरेतून सुटली.

दरम्यान उंबरठा म्हणाले तशी नोंद ठेवली. फोनला मला वाटत होता तेवढा वेळ जातच नाही. काम तुंबतं कोटेशनपाशी. लाकूड किती लागेल, सांधा कोणता बसेल हे मी मिस्त्रींना विचारते आणि ते मशीनवर अडकलेले असतात. ही माहिती 'क्ष'कडे नाही आणि 'य'कडेही नाही. म्हणून दोघांनाही घेत नाहीये. सर्वांत जुन्या मिस्त्रींना पगारवाढ देऊन मापं आणि कोटेशन त्यांच्याकडे दिलं. त्यांच्या जागी नवा कारागीर घेणार. हिशेब एका पगाराच्या आसपासच बसतो. दोघांना मी स्वतः फोन करून नकार कळवला.

जुनाजाणता:
हातची चांगली मुलगी घालवलीत.

मध्यान्ह:
उत्तम कारागीर जाईल आणि कच्चा कारकून मिळेल. बघा हं.

रंधा:
ही भीती मलाही होती, म्हणून त्यांना विचारूनच ठरवलं. पहिल्या तीन महिन्यांत रमले नाहीत तर मशीनवर परत, वाढलेला पगार तसाच. आकडेमोड ते करतील, कोटेशन टाइप करून मी पाठवेन. नव्या कारागिराची चाचणी परवा आहे: डव्हटेल सांध्याचा (पंख्याच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकतात तो) एक खण, लाकूड आमचं, दिवसाची मजुरी देऊन. त्यात काय पाहावं, कुणी सांगेल का?

पटाशी:
खण तयार झाला की तो सगळेच ओढून बघतात. तुम्ही सुरुवातीपासून बघा. लाकूड हातात घेतल्यावर रेषा कुठे जातात ते पाहतो का, कापण्याआधी पटाशीची धार तपासतो का, दुसरी बाजू आखताना पहिली बाजू त्यावर ठेवून आखतो की पुन्हा पट्टीने मोजतो. घाई करायला लावू नका. आणि सांधा सैल झाला तर भुसा-सरस भरून गप्प बसतो की तुम्हाला हाक मारतो, तेही बघा. चाचणीला मिस्त्रींना उभं करा, रोज त्याच्यासोबत काम त्यांनाच करायचंय.