तुळशीवर निळ्या पट्ट्यांची माशी येते, ती कोण? आणि एका जागी थांबतच नाही, फोटो कसा काढू?

अंगणातली (वेंगुर्ले)
तुळशीचं लग्न लागून आठ दिवस झाले. मंजिऱ्या एवढ्या भरल्यात की वृंदावन झाकून गेलंय. सकाळी साडेनऊला तिथे ऊन आलं की एक माशी येते. मधमाशीपेक्षा जाड, छातीवर तांबूस लव, काळ्या पोटावर आडव्या निळ्या रेघा. निळा म्हणजे कपड्यांच्या निळीचा नव्हे, मोरपिसाकडे झुकणारा. एका फुलावर धड दोन सेकंद टिकत नाही. पाच दिवसांत 140 फोटो काढले. प्रत्येकात मंजिरी स्पष्ट आणि माशीच्या जागी निळसर धूर. सासूबाई घरातून विचारतात, "काय गो, तुळशीक पाणी घालूक गेलंस ती थंयच रवलंस?"

दुसरी पिवळी-काळी, बारीक, हवेत टांगल्यासारखी स्थिर राहते. तिचा फोटो बरा आलाय, जोडते. ती मधमाशीच ना?

मोबाईलमधलं ॲप पहिलीला ऑस्ट्रेलियातली जात म्हणतंय. फोन चार वर्षांचा आहे. नवा कॅमेरा घ्या, हे सोडून काहीही सांगा.

कातळसडा (राजापूर)
ताई, पहिली 'अमेगिला', निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी मधमाशी. पोळं नाही, राणी नाही, मध काढायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे 'झोनाटा' आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी जाती आहेत. नुसत्या फोटोवरून जात ठरवायला जाऊ नका, 'अमेगिला' या प्रजातीवरच (जातींच्या गटावर) थांबा. ॲपवाल्यांचं बरं असतं, त्यांना थांबावं लागत नाही.

आता फोटो. दिवसा तिच्या मागे धावू नका, संध्याकाळी शोधा. यांचे नर उन्हं कलली की एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावून धरतात आणि तसेच ओळीने लटकून झोपतात. बऱ्याचदा रोज त्याच काडीवर. माद्या त्यात नसतात, त्या आपापल्या बिळात. बिळं जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत. घरी जुनी मातीची भिंत असेल तर पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसतायत का बघा.

परसात वांगी असतील तर तिथेही कान द्या. वांग्याच्या फुलाला बिलगून ती अंग थरथरवते, भुणभुण एकदम चढते आणि परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग झडतात. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही.

मोहर_देवगड
दुसरी मधमाशी नाहीच, माशी आहे, होव्हरफ्लाय म्हणतात ती. तुमच्याच फोटोत बघा: पंखांची एकच जोडी, मिशा नावापुरत्या, डोळ्यांनी अख्खं डोकं व्यापलंय. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या आणि मिशा चांगल्या लांब. हिला नांगी नाही, नुसता मधमाशीचा वेष. यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, तेव्हा चवळीच्या वेलावर मावा दिसला की लगेच पंप काढू नका. आंब्याच्या मोहरावर फळ धरायला मधमाश्यांपेक्षा माश्यांचाच हात जास्त. आमच्या बागेत मोहर पूर्ण फुलल्यावर फवारणी बंद असते, त्यावरून भावाशी दरवर्षी वाद. असो.

तिचा फोटो काढायची युक्ती: ती फिरून त्याच जागेवर येते. त्या फुलावर बोट दाबून फोकस लॉक करा, आपली सावली पडू देऊ नका आणि वाट बघा. जमलंच नाही तर व्हिडिओ काढून त्यातली चौकट निवडा.

खारा_वारा (मुरुड)
वरच्यात थोडी भर. एकाच कीटकाचा वरून, बाजूने आणि समोरून असे फोटो घ्या. ओळख पटवणाऱ्याला नुसती पाठ पुरत नाही. झाड कोणतं, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. फोनची काच आधी पुसा, समुद्रकाठी तिच्यावर खारट थर बसतोच. माझ्या लेन्समध्ये एका पावसाळ्यात बुरशी वाढली, त्यापेक्षा तुमचा फोन बरा. आणि कीटक शांत बसावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

अंगणातली (वेंगुर्ले)
सापडले! तुळशीवर नाही, विहिरीच्या कठड्यावरून लोंबणाऱ्या कृष्णकमळाच्या वाळक्या वेलीवर. काल सहा वाजता सात जण, पाय आखडून, नुसत्या तोंडावर लटकलेले. मुलाने बाजूने बॅटरी धरली, पुढे पांढरा कागद लावला म्हणजे उजेड थेट पडणार नाही. एकही हलला नाही. एकाच्या पाठीवरच्या रेघा मोजता येतात, पाच आहेत. फोटो जोडलाय.

सासूबाईही आल्या बघायला. मी मोठ्याने सांगायला लागले तर म्हणाल्या, "निजलेत मां? मगे हळू बोल."

कातळसडा, पडवीच्या भिंतीत भोकं आहेत, मोजली तर अकरा. मामंजींनी तिथे सिमेंटचा गिलावा करायला सोमवारी गवंडी बोलावलाय. उद्या साडेनऊला तुळशीऐवजी पडवीत बसते, कोणी आत-बाहेर करतंय का बघायला.