ऊसतोडीचा पट्टा पडला (हंगाम संपला), बैलजोडी घरी आली. आता सुट्टी कशी द्यायची? (मदत हवी आहे)

टायरगाडी_धारूर:
पट्टा पडून आठ दिवस झाले. पेरणीपर्यंत बैल मोकळेच. पाच महिने वाढ्यावर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) होते, आता कडब्याला तोंड लावत नाहीत, शेणही घट्ट पडतंय. कामावर पेंड दोन किलो होती, तेवढीच ठेवू का? खुरांच्या पत्र्या (नाल) काढायच्या का? डाव्या बैलाच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आहे. अन् माणसांचं वेगळंच: तोडीत कंबर दुखत नव्हती, ती आता बसून दुखतेय. पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतातच.

दावण:
आधी चारा. वाढ्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून एवढ्या महिन्यांनी जनावर आतून रितं झालेलं असतं. खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा. दहा किलो कुट्टीवर दोन लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ विरघळवून शिंपडा, अर्ध्या तासाने घाला. रात्रभर भिजवून ठेवली तर आंबते, मग बैल हुंगूनच मागे सरतो. मका किंवा हत्तीगवत मिळालं तर पहिले दहा दिवस थोडं मिसळा अन् हळूहळू कमी करा. पाणी दिवसातून तीनदा दाखवा. निम्मा त्रास कमी पाण्याचाच असतो.
पेंड एकदम तोडू नका. चार-पाच दिवसांनी अर्धा-अर्धा किलो उतरवत एक किलोवर आणा. काम नसताना दोन किलो म्हणजे नुसती चरबी, अन् मृगात बैल दोन तासांत धापा टाकतो.
एक सांगायचं राहिलं: वळीव पडला की ज्वारीच्या खोडांना कोवळे फुटवे येतात. तिकडे सोडू नका, किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते. बैल थरथरायला लागला की इंजेक्शनसाठी डॉक्टर लगेच हवा, घरगुती उपायाला वेळ नसतो.

जू_शिवळ:
पत्र्या काढाच. डांबरी रस्ता नसेल तर गरज नाही. तशाच ठेवल्या तर खूर वाढून पत्रीबाहेर येतं, खिळा सैल होतो अन् बैल लंगडतो. काढल्यावर खूर तासून घ्या.
खांद्याचं कारण बहुतेक गाडीत सापडेल. गाडी दाबात (पुढं जड) भरली की सगळं ओझं मानेवर येतं, उलाळ (मागं जड) झाली की जुपणी, म्हणजे जूला मान बांधायचा पट्टा, गळा आवळते. जूवरून तळहात फिरवा. जिथं कड हाताला लागते तिथंच खांदा सुजलेला असतो. ती कड रंध्याने गोल करून घ्या. गाडी सावलीत, दगडांवर टेकवून ठेवा, म्हणजे टायर बसत नाहीत.
गाठ मऊ अन् गरम आहे का, कडक अन् थंड? त्यावर पुढचं ठरेल. दाभणाने टोचू नका, डागणी तर अजिबात नको.

आरोग्यपेटी:
माणसांचं. दिवसभर बाजेवर पडून कंबर आखडते. सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं चाला, वाकून ओझं उचलू नका. पायात मुंग्या, पाय लुळा वाटणं किंवा लघवीला अडणं, यातलं काही झालं तर थेट सरकारी दवाखाना. तीनला जाग येते तर येऊ द्या, पण दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा अन् चार वाजल्यानंतर चहा नको. पंधरा दिवसांत बसतं.
घरातल्या बायांचं हिमोग्लोबिन याच महिन्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, पण चहाबरोबर नाही. पोट दुखतंय म्हणून कुणी गर्भपिशवी काढायला सांगितली तर जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

टायरगाडी_धारूर:
गाठ कडक अन् थंड. दाबली तरी बैल मान हलवत नाही. सुट्टीत दोन दिवस मुरूम ओढायला भाड्याने जोडी मागतायत.

जू_शिवळ:
मग ती जुनी आहे, शेकून जाणार नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, कापून काढावी लागेल. जखम भरेपर्यंत जू ठेवायचं नाही, म्हणून हे आत्ताच उरका, मे संपता संपता नको. घटसर्प-फऱ्याची लस घेतलीय का, तेही तिथंच विचारा. भाड्याला नाही म्हणा. पेरणीआधी पहिले चार दिवस सकाळचे दोनच तास कुळव, तेही खांदा साफ झाला असेल तरच.