एक्सआरडीपी टाका, पोर्ट उघडा, पाच मिनिटांत झालं म्हणे!

गिरगावकर:
कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. 'ऑफिसच्या लिनक्सवर घरून ग्राफिकल लॉगिन हवंय? एक्सआरडीपी टाका, राऊटरवर ३३८९ उघडा, पाच मिनिटांत झालं.' एक्सआरडीपी म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप दुसऱ्या मशीनवरून वापरू देणारा प्रोग्राम, आणि ३३८९ हा त्याचा पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा. इन्स्टॉल होतं हो पाच मिनिटांत, पुढची काळी स्क्रीन कोण निस्तरणार? ऑफिसातल्या उबुंटू लिनक्सवर लॉगिन तसंच ठेवून निघालात आणि घरून त्याच नावाने आत शिरलात की बहुतेक वेळा अंधार. माझे दोन शनिवार गेले त्यात, शेवटी एक्सएफसीई हा दुसरा, हलका डेस्कटॉप टाकला तेव्हा सुटलो, तरी रंगांच्या प्रोफाइलसाठी पासवर्ड मागणारी ती खिडकी यायचीच. आणि ३३८९ जगाला उघडा करायला सांगणाऱ्याला कोपरापासून नमस्कार, पासवर्ड ठोकून बघणारे बॉट रात्रंदिवस फिरत असतात तिथे. व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट डेस्कटॉपवाल्यांनीही हसू नये, त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरतात. एसएसएचच्या, म्हणजे कुलूपबंद कनेक्शनच्या, बोगद्यातून न्या की.

टर्मिनलबाबा:
मुळात सर्व्हरला माउस हवाय कशाला? एसएसएचने नुसत्या कमांड टाईप करा, सोबत कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारं टीमक्स, विषय संपला. बोगद्याचं म्हणाल तर गाडी ठाण्याजवळच्या पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेट जातं, बाहेर आलो की टीमक्स होतं तिथेच असतं.

मालाडची_ताई:
सर्व्हर कोण म्हणालं? मी क्यूजीआयएसमधे नकाशे करते. वॉर्डाच्या हद्दी टीमक्समधे आखून दाखवा, वडापाव माझ्याकडून.
आणि गिरगावकर, तुमचं दुखणं जुनं झालं. २०२४ च्या ग्नोम ४६ पासून, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमधे, रिमोट लॉगिन आतच आहे. उबुंटू २४.०४ च्या सेटिंग्जमधे सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, तिथला दुसरा टॅब. एक्सआरडीपी लागतच नाही.

गिरगावकर:
दुसरा टॅब म्हणालात ते बरं केलंत, कारण लोक पहिलाच चालू करतात. तो शेअरिंगचा, आधी कोणीतरी समोर बसून लॉगिन केलेलं असलं तरच चालतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा माझ्याकडे नुसतं शेअरिंग होतं. वीज आली, मशीन आपोआप चालू झालं आणि लॉगिन स्क्रीनवर येऊन बसलं. एक पासवर्ड टाकायला जायचं होतं, आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना! शेवटी वॉचमनला फोनवरून एकेक अक्षर सांगितलं. संध्याकाळी पासवर्ड बदलला.

कल्याण_स्लो:
तुम्ही पोर्ट उघडायचं की नाही यावर भांडताय, माझ्याकडे उघडायला पोर्टच नाही. घरचं मशीन ऑफिसातून गाठायचंय, पण केबलवाल्याने सगळ्यांना एकाच पब्लिक आयपी पत्त्यामागे कोंबलंय, बाहेरून येणाऱ्याला माझं मशीन सापडणार कसं? राऊटरमधे बघा, १००.६४ ने सुरू होतो पत्ता. स्वतंत्र हवा तर जादा पैसे म्हणतो. दुसरं कनेक्शन घ्यावं तर सोसायटीचे सेक्रेटरी वायर टाकू देत नाहीत, का ते आम्हालाही कळतं.

टर्मिनलबाबा:
सेक्रेटरी मीही आहे, दुसऱ्या सोसायटीत. डक्टमधे चार बंद पडलेल्या कंपन्यांच्या वायरी लोंबतायत, त्यात कबुतरं अंडी घालतात. पाचवा आला की भिंतीला भोक पाडतो, पावसाळ्यात पाणी कोणाच्या घरात शिरतं? तेव्हा फोन आम्हाला.

कल्याण_स्लो:
म्हणून चाळीस बिऱ्हाडांनी एकाच केबलवाल्याचे पाय धरायचे का? तुमच्या कबुतरांपायी माझं काम थांबलंय आणि…

मालाडची_ताई:
आमच्याकडे चक्क गच्चीला कुलूप, चावी केबलवाल्याकडे! 😡

टर्मिनलबाबा:
आरोप करायच्या आधी मीटिंगला या, कोरम तरी होईल. एजीएमला अकरा माणसं असतात, त्यातली सहा समोशासाठी.
आणि पोर्ट नाही म्हणून रडू नका. पब्लिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, घरच्या मशीनवरून त्याला एसएसएच -आर ने उलटा टनेल मारा, म्हणजे त्या सर्व्हरवर आलात की तिथून घरी पोचता. बाहेर जाणारं कनेक्शन केबलवाला सहसा अडवत नाही. वायरगार्ड हा व्हीपीएन जमत असेल तर आणखी बरं.

गिरगावकर:
धागा लॉगिनचा होता हो.

कल्याण_स्लो:
-आर चाललं. आभार मानत नाहीये, फक्त कळवतोय.

मालाडची_ताई:
बाबा, टीमक्समधला नकाशा?

टर्मिनलबाबा:
एसएसएच -एक्स ने, म्हणजे नुसती त्या प्रोग्रामची खिडकी मागवून, उघडलाय तुमचा क्यूजीआयएस, डेस्कटॉपबिस्कटॉप काही लागलं नाही. एकदा झूम केलं, चहा पिऊन आलो, अजून रंगतोय. कुर्ला आलंय, मालाड यायचंय.